ज्याचे जळते त्यालाच कळते : तीन स्टेशन वॅगन आणि पुराव्याचा प्रश्न

१/
१९८० सालची अमेरिका. इराणमधील क्रांतीनंतर तेलाचे भाव भडकलेले आहेत आणि एका मध्यमवर्गीय कुटुंबाला नवी गाडी घ्यायची आहे. तीन मुले, एक कुत्रा, सुट्टीचे सामान. समोर तीन स्टेशन वॅगन आहेत : फोर्डची कंट्री स्क्वायर, ओल्ड्समोबिलची डिझेलवरची कस्टम क्रूझर आणि स्वीडनची व्होल्वो २४५. हे कुटुंब कल्पित आहे, पण त्याच्यापुढचा पेच खरा होता. सोयी पाहाव्यात की टिकाऊपणा? आणि टिकाऊपणा पाहायचा तरी कसा?

हा प्रश्न मोटारींइतकाच इतिहासाच्या अभ्यासाचाही आहे. कसा, ते या थ्रेडमध्ये पाहू. 🧵

२/
आधी नावाविषयी. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत रेल्वे स्टेशनवरून प्रवासी आणि त्यांचे सामान हॉटेलात वा घरी पोहोचवणाऱ्या गाड्या असत. मोटारीच्या सांगाड्यावर सुतारांनी बांधलेला लाकडी डबा, असे त्यांचे रूप होते. ‘स्टेशन वॅगन’ हे नाव तिथून आले. पुढे श्रीमंतांच्या शेतघरांवर या लाकडी गाड्या मिरवू लागल्या.

३/
लाकूड देखणे होते, पण त्याची निगा राखणे जिकिरीचे होते. त्याला वरचेवर वॉर्निश लागे, सांधे सैल होत आणि पावसाळी हवेत ते कुजे. १९४६ मध्ये विलिसने जीपच्या वंशातली, संपूर्ण पोलादी अंगाची स्टेशन वॅगन आणली. १९४९ मध्ये प्लिमथची सबर्बन आली. देखणेपण आणि भरवसा यांतील ही पहिली मोठी निवड होती आणि ग्राहकांनी पोलाद निवडले. गंमत अशी की लाकूड गेले तरी त्याचा मोह गेला नाही. पुढची कित्येक वर्षे पोलादी पत्र्यावर लाकडाची नक्कल चिकटवली जात होती. कंट्री स्क्वायरची ओळखच ती होती.

४/
पोलाद सर्वांकडे आल्यावर स्पर्धा सोयींवर गेली. १९६४ मध्ये ओल्ड्समोबिलने व्हिस्टा क्रूझरच्या छपरात काचा बसवल्या. १९६६ मध्ये फोर्डने असे मागचे दार आणले, जे फळीसारखे खालीही पडे आणि दारासारखे बाजूलाही उघडे. १९७१ मध्ये जनरल मोटर्सने त्यावर कडी केली. त्यांच्या मोठ्या वॅगनची मागची काच वर छपरात सरके आणि दार खाली जमिनीच्या पोटात नाहीसे होई. शोरूममध्ये हा चमत्कार पाहून माणसे थक्क होत. मात्र ही यंत्रणा जड आणि गुंतागुंतीची होती. १९७७ च्या नव्या गाड्यांत ती राहिली नाही.

५/
सर्वांत बोलके उदाहरण स्टुडबेकरचे. १९६३ च्या वॅगनेअरमध्ये छपराचा मागचा भाग पुढे सरकवून उघडता येई. उभा फ्रिजसुद्धा त्यात सहज मावे. कल्पना अभिकल्पक ब्रूक्स स्टीव्हन्स यांची होती आणि ती खरोखर चतुर होती. पण पाऊस आला की छप्पर गळू लागे. अखेर त्याच कंपनीला न सरकणाऱ्या छपराची वॅगनेअरही विकायला काढावी लागली. जी सोय जाहिरातीचा मथळा होती, तिच्याविना गाडी घेण्याची मुभा ग्राहकाला द्यावी लागली!

६/
असे का घडते? सोय शोरूममध्ये दिसते. टिकाऊपणा तिथे दिसत नाही, तो तीन-चार वर्षांनी कळतो. अमेरिकेत १९५८ च्या कायद्याने प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर किंमत आणि जोडलेल्या सोयींची यादी लावणे बंधनकारक झाले. पाऊल मोठे होते, पण त्या कागदावर ‘ही गाडी किती वेळा बंद पडेल’ हा रकाना नव्हता, आणि असू शकत नव्हता.

७/
१९७० मध्ये जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने याच कोड्यावर एक निबंध लिहिला. उदाहरण जुन्या मोटारींच्या बाजाराचे होते. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. मग घेणारा सर्वच गाड्यांवर संशय घेतो, भाव पाडतो आणि चांगली गाडी असलेला माणूस बाजारातूनच निघून जातो. २००१ च्या नोबेल पुरस्कारामागे हे काम होते. अज्ञान एकाच बाजूला साचले की बाजार बिघडतो, हे त्याचे सार.

८/
या अज्ञानावर उतारा मात्र अर्थशास्त्रज्ञांच्या आधीच निघाला होता. १९३६ मध्ये स्थापन झालेली कन्झ्युमर्स युनियन ही संस्था जाहिराती न घेता मासिक काढत असे. त्याचेच पुढे ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ झाले. आपली गाडी कोणत्या दुरुस्तीसाठी कितीदा गॅरेजात गेली, हे ही संस्था वाचकांनाच विचारू लागली. इंजिन, गिअर, ब्रेक, वायरिंग असे वेगवेगळे रकाने करून त्या उत्तरांचे तक्ते छापले जाऊ लागले. ज्याचे जळते त्यालाच कळते; आता ते कळणे इतरांनाही वाचता येऊ लागले.

९/
इथे मराठी वाचकाला इतिहासाचार्य राजवाडे आठवावेत. त्यांनी बखरींपेक्षा अस्सल समकालीन पत्रांना प्रमाण मानले. बखर प्रसंग रंगवते, पत्र नकळत खरे बोलून जाते. कंपनीची सचित्र पुस्तिका ही बखरच : धनी ठरलेला, स्तुती ठरलेली. गाडीमालकाने भरलेली प्रश्नावली हे पत्र. एका पत्राने काही सिद्ध होत नाही, पण हजारो पत्रे एकच तक्रार सांगू लागली की तो पुरावा होतो.

१०/
आता १९८० च्या कुटुंबाकडे परत येऊ. कंट्री स्क्वायर ही परिचित वाट. पेट्रोलचे व्ही-८ इंजिन, दोन्हीकडे उघडणारे मागचे दार, अगदी मागे मुलांसाठी समोरासमोर बसायच्या जागा. तिच्या गुणदोषांची माहिती गावातल्या प्रत्येक गॅरेजात मिळे. उणीव एकच, पण त्या वर्षी ती मोठी होती : पेट्रोल.

११/
कस्टम क्रूझरने तीच उणीव भरून काढल्याचे भासवले. तोच ऐसपैसपणा, त्याच सोयी आणि इंधनात ठळक बचत. कागदावर ही सर्वोत्तम निवड होती. पण ओल्ड्समोबिलचे ५.७ लिटरचे डिझेल इंजिन १९७८ च्या गाड्यांपासूनच बाजारात आले होते. डिझेलचा प्रचंड दाब सोसण्यासाठी इंजिनाचा ठोकळा मजबूत केला गेला, तरी वरचे हेड आवळणाऱ्या बोल्टांची मांडणी पेट्रोल इंजिनाचीच ठेवली होती.

१२/
परिणाम ठरलेला होता. बोल्ट ताणले जात, हेड गॅस्केट फुटे आणि थंडाव्याचे पाणी सिलिंडरमध्ये शिरे. डिझेलमधले पाणी वेगळे काढण्याची सोय नव्हती, म्हणून इंधनपंप गंजत. डिझेलची सवय नसलेले मेकॅनिक दुरुस्ती करताना दोष आणखी वाढवत. प्रकरण न्यायालयांत गेले आणि १९८५ मध्ये हे इंजिन बंद झाले. अमेरिकी ग्राहकाच्या मनात डिझेल मोटारींविषयी जी अढी बसली, ती पुढे दीर्घकाळ टिकली.

१३/
व्होल्वो २४५ चौकोनी, चार सिलिंडरची, दिखाऊपणात मागे. पण ती साधी होती. तिचे ओतीव लोखंडी इंजिन लाखो किलोमीटर धावण्यासाठी पुढे नावाजले गेले. ही मालिका १९९३ पर्यंत टिकली, यातच सारे आले. तरी तिला निर्दोष म्हणणे भाबडेपणाचे होईल. १९८० च्या दशकातल्या कित्येक व्होल्वोंच्या इंजिनातील तारांवरचे आवरण उष्णतेने तडकून गळून पडे. साधेपणातही एक दडलेला दोष होताच.

१४/
इथेच तक्त्याची मर्यादा उघड होते. तक्ता भूतकाळाविषयी बोलतो. नवे डिझेल पहिल्यांदा शोरूममध्ये उभे होते, तेव्हा त्याच्याविषयी एकही उत्तर जमा झालेले नव्हते. व्होल्वोच्या तारा तडकायला वर्षे लागणार होती. शिवाय उत्तरे देणारे त्या मासिकाचे वाचक, म्हणजे समाजाचा एक ठरावीक थर. साधन अस्सल असले तरी ते अपुरे असू शकते, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याचा रोजचा अनुभव.

म्हणून त्या कुटुंबाला माझे उत्तर असे : दोन गाड्या तुल्यबळ वाटल्या, तर जिच्याविषयी अधिक वर्षांचा पुरावा आहे ती घ्या. नावीन्याची किंमत पहिल्या ग्राहकालाच मोजावी लागते.

१५/
पुढे निवडच बदलली. क्रायस्लरची मिनीव्हॅन १९८४ च्या गाड्यांत अवतरली, नंतर एसयूव्ही आल्या. कंट्री स्क्वायर १९९१ मध्ये थांबली.

त्यानंतर वर्षभरातच, १९९२ मध्ये, टेल्कोने भारतात टाटा इस्टेट आणली. पुण्याच्या कारखान्यातून आलेल्या या डिझेल स्टेशन वॅगनमध्ये पॉवर स्टिअरिंग, पॉवर विंडो अशा त्या काळी आपल्याकडे दुर्मीळ असलेल्या सोयी होत्या. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्येच झाला होता, पण दुरुस्त्यांचा तसा तक्ता सामान्य ग्राहकाच्या हाती नव्हता. तो ओळखीच्या मेकॅनिकला विचारे, नाहीतर गाडी असलेल्या काकांना. दोन वर्षांनी आलेल्या सुमोने इस्टेटला झाकोळून टाकले.

१६/
ती काका-मेकॅनिकांची साक्ष कुठे लिहिली गेली नाही. मात्र त्या गाड्यांची सर्व्हिस पुस्तके आणि दुरुस्तीची बिले काही घरांच्या माळ्यावर अजून असतील. पुस्तिका संग्राहक जपतात, बिले रद्दीत जातात. तुमच्या घरी असतील तर टाकू नका. तारीख, किलोमीटर आणि बदललेला सुटा भाग, एवढे तीन तपशील त्यात असले तरी ते अस्सल साधन आहे.

घरातल्या पहिल्या गाडीची निवड कोणाच्या शब्दावर झाली होती? मोठ्यांना विचारून खाली जरूर लिहा.