माळावरची बाग

औरंगाबादची वारी चुकली, हा नांदेडला विद्यापीठ झाल्याचा आम्हा लातूरकर कारकुनांना पहिला फायदा. गुणपत्रिकेत नावाची वेलांटी चुकली तरी रात्रीची एसटी धरावी लागायची. आधीच्या पिढीची त्याहून न्यारी तऱ्हा. औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ 1958 चं. तोवर पदवीची वाट हैदराबादेच्या उस्मानियातून जायची.

17 सप्टेंबर 1994 ला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं विष्णुपुरीला विद्यापीठ उभं राहिलं. पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे, आमच्या लातूरच्या शाहू कॉलेजचे प्राचार्य. त्यामुळं आम्हाला ते घरचंच वाटलं.

जागा मात्र माळाची. खाली शंकरराव चव्हाणांनी गोदावरी अडवून उपसा योजना केलेली, आणि वर मुरूम. कामासाठी गेलो की फाइल आत सरकेपर्यंत मी बाहेर झाडांपाशी थांबायचो. तिथल्या माळ्याकडून कळलं, मुरमात खड्डा खणून रोप लावलं म्हणजे झालं नाही. खड्डा हातभर रुंद हवा, त्यात काळी माती नि शेणखत बाहेरून आणून भरायचं, आळं उताराच्या खालच्या बाजूला उंच ठेवायचं, म्हणजे पडलेलं पाणी तिथंच मुरतं. आळ्यात वाळलं गवत अंथरायचं. शेळ्यांनी तोंड लावू नये म्हणून भोवती बोरीबाभळीच्या फांद्या. एवढं करून दोन उन्हाळे निघाले, तर झाड आपलं. वनमहोत्सवाच्या फोटोत हे दोन उन्हाळे कधीच नसतात.

कडुनिंब आणि करंज त्या परीक्षेत पास होतात. गुलमोहर दिसायला छान, वाऱ्यात फांद्या टाकतो. लॉनबद्दल माझं मत वाईट आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत घागरींची रांग लागलेली. त्यानंतर कुठल्याही आवारात भर उन्हात फवारा फिरताना दिसला की माझं डोकं फिरतं.

पुतण्या आता त्या विद्यापीठातच एम.एस्सी. करतो. त्याला म्हटलं, लॉन काढून करंज लावा म्हणावं. तो म्हणाला, "काका, करंजाखाली पदवीदानाचा फोटो कोण काढतं?"