सोळा आण्यांचा अंदाज

परवा रात्री लातूरहून काकांचा फोन आला. खुशाली विचारून झाली आणि स्वारी थेट पैसेवारीवर घसरली. "बांधावर न येता आकडा लावायलेत रे! सोयाबीन पाण्यात कुजायलंय अन् पैसेवारी पन्नासच्या वर?"

शहरात वाढलेल्या ब्लॉगमित्रांसाठी सांगतो. नेहमीच्या उत्पन्नाच्या मानानं यंदा पीक किती, ते शंभर पैशांत मांडायचं, ही पैसेवारी. सप्टेंबरात नजर पैसेवारी, मग सुधारित, डिसेंबरात अंतिम. पन्नासच्या खाली गेली की जमीन महसुलात सूट, वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. म्हणजे एकोणपन्नास आणि एक्कावन्न यांत फरक दोन पैशांचा, पण गावाचं अख्खं वर्ष त्यावर.

फोन ठेवला आणि मनात आलं, सरकारला किती कर मिळणार हे आधी सांगायचं कुणी?

आपल्याकडे, म्हणजे नांदेड-लातूरकडे, निजामाच्या राज्यात फार काळ हे काम गुत्तेदार करायचा. तालुक्याच्या वसुलीची बोली लागायची. जो जास्त बोलेल त्याला गुत्ता. दरबाराला आकडा आधीच हातात, डोक्याला ताप नाही. पण बोली चुकली तर गुत्तेदार ती भरून काढणार कुणाकडून? कुळाकडूनच की! (रस्त्याचं कंत्राट घेणाऱ्याला आपण आजही गुत्तेदारच म्हणतो. असो.) १८५३ साली सालारजंग दिवाण झाले, त्यांनी हळूहळू गुत्ते मोडून पगारी अधिकारी नेमले, १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. पुढे मोजणी होऊन सारा बराच काळ ठरून गेला.

सारा ठरला, पण पाऊस कोण ठरवणार? तिकडे मुंबई इलाख्यात त्यासाठी आणेवारी होती. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, चार आण्यांच्या आत आलं तर त्या वर्षीची वसुली तहकूब. आता गंमत बघा. पीक मोजणारा आणि सारा वसूल करणारा एकाच खात्याचा. १९१८ साली खेड्यात (गुजरातचा खेडा जिल्हा हो) नेमकं यावरूनच वाजलं. सरकार म्हणे पीक चार आण्यांच्या वर, शेतकरी म्हणत खाली. गांधीजींनी गावोगाव फिरून स्वतः चौकशी केली आणि सत्याग्रह उभा राहिला. भांडण साऱ्याच्या दराचं नव्हतंच, अंदाजाचं होतं.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. आमचे आजोबा पटवारी होते. ते म्हणायचे, तहसिलाला फुगलेला आकडा गोड लागतो आणि गावाला खंगलेला, आणि मधे उभा असतो पटवारी. १९५७ ला नवे पैसे आले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. मधे उभं राहणाऱ्याचं काही बदललं नाही.

आता तिजोरी जमीन महसुलावर चालत नाही, जीएसटीवर, मुद्रांक शुल्कावर, पेट्रोल आणि दारूवरच्या करावर चालते. पण प्रश्न तोच. अर्थसंकल्प मांडणारं खातंच जमेचा अंदाज करतं, आणि खर्चाच्या घोषणा आधीच ठरलेल्या असल्या तर जमा थोडी फुगवण्याचा मोह होणारच. आपल्या नांदेडच्या शंकरराव चव्हाणांनी १९८९ साली केंद्राचा अर्थसंकल्प मांडला, तेव्हाही रीत हीच होती. नेदरलँड्सनं १९४५ साली यासाठी वेगळी संस्था काढली, टिनबर्गेन तिचे पहिले प्रमुख. ब्रिटननं २०१० मध्ये अर्थमंत्र्याच्या खात्याकडून हे काम काढून स्वतंत्र कार्यालयाला दिलं. आपल्याकडे एन. के. सिंग समितीनं २०१७ मध्ये तशी परिषद सुचवली, पण ती नेमली गेलेली नाही. महालेखापाल हिशेब तपासतात, पण वर्ष उलटून गेल्यावर.

त्याच २०१७ साली आपण तर अंदाज थेट कायद्यातच लिहून टाकला! राज्यांचा महसूल दरवर्षी १४ टक्क्यांनी वाढेल असं धरून, जीएसटीत कमी पडेल तितकी भरपाई पाच वर्षं केंद्र देईल. २०२० साली करोना आला आणि केंद्राला राज्यांसाठी १.१ लाख कोटी कर्ज काढावं लागलं.

हे सगळं काकांना दुसऱ्या दिवशी फोनवर ऐकवलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "ते परिषद-बिरिषद ठीक हाय. पण अंतिम पैसेवारी डिसेंबरात येणार. तवर सोयाबीन विकून मोकळा झालेला असतो बघ मी."