रानाचे राखणदार

दिवाळीचा पहिला दिवा लागतो तो वसुबारशीला. त्या दिवशी सवत्स धेनूची पूजा करावी, ही चाल आपल्या बहुतेक घरांतून ठाऊक असते. परंतु त्याच तिथीला सह्याद्रीतील महादेव कोळी, ठाकर आदी मंडळी वाघबारस पाळतात, हे शहरातील पुष्कळ वाचकांच्या कानी आलेले नसते. गुराखी रानात वाघोबाच्या ठिकाणी जमतात, नैवेद्य दाखवतात आणि 'आमची गुरे सांभाळ' अशी विनवणी करतात. एकाच दिवशी एके घरी गाय पुजली जाते आणि दुसऱ्या घरी गाय खाणारा वाघ! मला या योगात मोठा अर्थ दिसतो. ज्याचे गोऱ्हे वाघाने नेले, तोच वाघापुढे हात जोडतो. रान दोघांचे आहे आणि दोघांनाही तेथेच दिवस काढायचे आहेत, ही समजूत त्यामागे असते. ती समजूत आमच्या भागात कशी मोडली, आणि अलीकडे एका ठिकाणी कशी पुन्हा जुळली, याची हकीकत आज सांगावी असे मनात आहे.

आमचे कोलाड आज लोकांना मुंबई-गोवा रस्त्यावरचा थांबा म्हणून ठाऊक आहे. १९९९ सालापासून कोकण रेल्वे भरलेल्या मालमोटारी येथे गाडीवर चढवून गोव्याकडे नेऊ लागली. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत सुटले, की शहरची हौशी मंडळी हवा भरलेल्या तराफ्यांत बसून नदी उतरतात. पण कोलाडहून उत्तरेला पेणपलीकडे उरणच्या बाजूस गेले की चिरनेर लागते, पश्चिमेला रोह्यापलीकडे फणसाडचे रान लागते, आणि दक्षिणेला माणगाववरून म्हसळ्याकडे वळले की चिरगाव. रान आणि माणूस यांचे बिघडलेले व सुधारलेले संबंध पाहावयाचे, तर या तीन गावांची वाट धरावी. सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास तिच्यावर पसरलेला आहे.

त्याचा आरंभ मात्र भाताच्या रोपापासून करावा लागतो. कोकणातला शेतकरी पावसापूर्वी दाढीच्या जमिनीवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या कोवळ्या फांद्या आणि गवत यांचे थर देतो, वर माती टाकतो आणि तो थर पेटवून देतो. हा राब. त्याने तणाचे बी जळते, राखेचे खत मिळते आणि रोप जोमदार उठते. राबासाठी लागणारा कवळ भोवतालच्या वरकस जमिनीवरून आणि डोंगरातून आणायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. ऐनाच्या फांद्या तोडल्या तरी बुंधा राखायचा, म्हणजे पुढे पुन्हा पाला मिळतो, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नसे. झाड मेले तर भात मेला, असा तो सरळ हिशोब होता.

इंग्रजांचा हिशोब निराळा होता. त्यांना रेल्वेसाठी रूळपट्ट्या हव्या होत्या, जहाजांसाठी साग हवा होता आणि तिजोरीत भर हवी होती. १८७८ च्या जंगल कायद्याने रानांचे तीन वर्ग केले : राखीव वने, संरक्षित वने आणि ग्रामवने. यांतील तिसरा वर्ग गावाच्या ताब्यात द्यावयाचा होता. परंतु सरकारने पहिल्या दोन वर्गांचा विस्तार केला आणि तिसऱ्याचे कलम बहुतांशी पुस्तकातच राहिले. काल जो आपल्या रानात कोयता घेऊन जात होता, तो आज सरकारी रानातला चोर ठरला. ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांतून एवढी ओरड झाली, की सरकारला १८८५ साली चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली निघाला, आणि त्यातील वादाचा एक मोठा विषय हा राबच होता. पुढे डॉ. व्होल्कर नावाचे इंग्रज कृषिरसायनतज्ज्ञ हिंदुस्थानभर फिरून गेले. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालातही राबाची चर्चा आहे, आणि इथला शेतकरी अडाणी आहे हा समज त्यांनी खोडून काढला आहे. एवढे होऊनही रानावरची सत्ता काही गावाकडे परत आली नाही.

शेतकऱ्याला निदान सात-बाऱ्याचा आधार होता. कातकऱ्याला तोही नव्हता. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून ज्यांना हे नाव पडले, त्यांचा खैरच सरकारजमा झाला. डोंगरउतारावरची त्यांची दळीची शेतीही आक्रसत गेली. मग हीच मंडळी ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्टीवर राबू लागली. रानातली प्रत्येक खूण ओळखणारा माणूस रान जाळण्याच्या धंद्यात मजूर झाला, यापरते दुर्दैव कोणते? शिवाय वाघ मारणाऱ्याला सरकारातून इनाम मिळे. वाघबारशीचा नैवेद्य एकीकडे, आणि वाघाच्या कातड्यावरचे रुपये दुसरीकडे!

या कोंडमाऱ्याला वाचा फुटली ती १९३० साली. गांधीजींनी मीठ उचलले. जेथे समुद्र दूर होता तेथे लोकांनी कोयता उचलला. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या गावांतील शेतकरी, आगरी आणि कातकरी जमले. गोळीबार झाला, आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्या धुमाळीत मामलेदारही प्राणाला मुकला. चिरनेरला त्यांचे स्मारक आहे. तेथे उभे राहिले म्हणजे माझ्या मनात येते, की ही माणसे झाडाच्या वैरापोटी मेली नाहीत. डोंगर आमचा आहे, एवढेच त्यांना म्हणावयाचे होते.

आता फणसाडकडे वळू. मुरूड, रोहा आणि अलिबाग या तालुक्यांत पसरलेले हे रान पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान होते. नवाबाच्या शिकारीसाठी इतरांना बंदी, म्हणून ते टिकले. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि २५ फेब्रुवारी १९८६ रोजी तेथे अभयारण्य जाहीर झाले. रान खरोखरच देखणे आहे. पुरुषभर लांबीच्या शेंगांचा गारंबीचा वेल तेथे झाडांना विळखे घालतो, शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेते, आणि रानातील पाणवठ्यांना लोक 'गाण' असे गोड नाव देतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला आळा घातला, हे त्या कायद्याचे ऋण कुणी नाकारू नये. परंतु भोवतालच्या वाडीवरच्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर काय घडले? आधी नवाबाची मनाई होती, पुढे सरकारची आली. ती मनाई शेकरूच्या हिताची आहे, हे त्याला पटवण्याचे काम मागे पडले.

ते काम कसे करता येते, हे मला चिरगावच्या गिधाडांनी शिकवले.

माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले, की घटकाभरात आभाळात ठिपके दिसू लागत, आणि दिवस मावळण्याच्या आत हाडांचा सांगाडा तेवढा उरे. गिधाड अशुभ मानण्याची रीत. जटायूची कथा ऐकून डोळे पुसणारेही त्याला दगड मारीत. त्या व्यवस्थेची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. मेलेले ढोर ओढण्याचे काम गावाने एका समाजाच्या माथी मारले होते. मार्च १९२७ मध्ये याच जिल्ह्यातील महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचा उपदेश केला, आणि तो न्याय्यच होता. जबरदस्तीवर उभी असलेली स्वच्छता टिकवण्याच्या योग्यतेची नव्हती.

मग १९९० नंतर गिधाडेच दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या देशात १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारात एक उरेल इतकी घटली. २००४ साली कारण सापडले. गुरांना वेदनाशामक म्हणून टोचलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात राहते आणि ते खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी करते. शंभरांत एकाहून कमी सांगाडे असे विषारी असले, तरी एवढी पडझड होऊ शकते, असे शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवले. गिधाड वर्षाला एकच अंडे घालते. ते ही तूट भरून कशी काढणार? तिकडे उकिरड्यावरची भटकी कुत्री वाढली आणि पिसाळलेल्या कुत्र्यांचे भय वाढले. ज्याला आपण अशुभ म्हणत होतो, तो गावाचा बिनपगारी आरोग्यसेवक होता, हे तो गेल्यावर कळले.

म्हसळे तालुक्यातील चिरगावात काही गिधाडे उरली होती. महाडची 'सिस्केप' ही संस्था आणि तिचे प्रेमसागर मेस्त्री यांनी तेथे काम आरंभले, ते गावकऱ्यांना हाताशी धरून. गिधाडे ज्या उंच झाडांवर घरटी करतात ती तोडायची नाहीत, आणि जनावर मेले की पुरण्याऐवजी त्याची वर्दी द्यायची, असे ठरले. कुणावर सक्ती नव्हती. वनखाते, संस्था आणि गाव यांनी कामे वाटून घेतली, आणि चिरगावची गिधाडे वाढीला लागली. सरकारने २००६ साली गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली, २०२३ साली केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक यांवरही घातली. पण कायदा दिल्लीत होतो, आणि सुई टोचली जाते ती गोठ्यात. आजारी बैलाला मेलॉक्सिकॅमच द्या, असे डॉक्टरांना सांगणारा शेतकरी गोठ्यात उभा असेल, तरच त्या बंदीला अर्थ.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. रानाशेजारी राहण्याची किंमत रानाशेजारचाच भरतो. बिबट्याने शेळी नेली, तर नुकसान त्या एका घराचे. बिबट्या वाचल्याचे समाधान मात्र आपण मुंबई-पुण्याला बसून घेतो. सरकारी भरपाई आहे, ती वेळेवर हाती पडली पाहिजे. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली व्याघ्रप्रकल्पांभोवतीच्या गावांसाठी जन-वन विकास योजना सुरू केली. चुलीचे सरपण कमी व्हावे म्हणून स्वयंपाकाचा गॅस देणे हा तिचा एक भाग. ही वाट योग्य आहे. परंतु देणगी आणि हक्क यांत अंतर असते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे बांबू विकण्याचा अधिकारही त्या गावाच्या हाती आला, आणि बांबू किती तोडायचा व किती राखायचा हे ग्रामसभा ठरवू लागली. १८७८ च्या कायद्यातले ते ग्रामवनाचे कलम जणू एकशेतीस वर्षांनी जागे झाले.

कोणी म्हणेल, की सगळीच गावे शहाणी नसतात. रान हाती आले तर विकून खातील. अशीही उदाहरणे सापडतील, मी ते नाकारीत नाही. म्हणूनच वनखाते हवे, कायदा हवा, शास्त्रज्ञ हवेत. परंतु एका रक्षकाच्या वाट्याला किती डोंगर येतात याचा विचार करा. रात्री रानात कुऱ्हाडीचा आवाज झाला, तर तो पहिल्याने वाडीवर ऐकू येतो. त्या वाडीने अंथरुणातून उठायचे की कूस बदलून झोपायचे, यावर रानाचे पुष्कळसे भवितव्य अवलंबून आहे. दीडशे वर्षे आपण तिला कूस बदलण्याची सवय लावली.

वाचकहो, सुटीत आपण आमच्या भागात याल. कुंडलिकेच्या पाण्यात जरूर उतरा, फणसाडची गाणही पाहा. मात्र जेवण वाडीवरच्या घरी घ्या, वाटाड्या तेथलाच घ्या आणि त्याचा मोबदला हात आखडता न घेता द्या. त्याने शेकरूचे घरटे दाखवले, तर फांदीखाली आवाज न करता उभे राहा. ते घरटे पुढच्या दिवाळीला तेथे असावे, यात आता त्याचाही लाभ आहे.