दुमजली कोठारात शिरलेले यंत्र

यंत्रविद्येच्या इतिहासात धरणे बांधणाऱ्या, डोंगर फोडणाऱ्या आणि खाणी उपसणाऱ्या अजस्र यंत्रांना मानाचे पान मिळत आले आहे. छपराखाली, चार भिंतींच्या आत, खांबाखांबांतून वाट काढीत खत, भुसा, धान्य किंवा राडारोडा उचलणाऱ्या लहान यंत्राची कथा मात्र फारशी कोणी सांगत नाही. वस्तुतः मोकळ्या माळावर काम करणारे यंत्र घडविणे हा जसा एक प्रश्न आहे, तसाच अडचणीच्या जागेत शिरून, भार उचलून, त्याच वाटेने सुखरूप बाहेर पडणारे यंत्र घडविणे हा दुसरा प्रश्न आहे. आणि तो पहिल्याहून सोपा नाही. अमेरिकेतील एका खेड्यात वेल्डिंगचे व दुरुस्तीचे काम करणाऱ्या दोन भावांनी त्याचे जे उत्तर शोधले, ते आज जगभर रुळले आहे.

माल उचलून गाडीत भरण्याचे काम शतकानुशतके फावडे आणि घमेले यांवरच चालले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेतीच्या ट्रॅक्टरपुढे बकेट जोडून ते करून घेण्याची युक्ती निघाली. इलिनॉय राज्यातील फ्रँक हफ यांच्या कारखान्याने १९३९ साली रबरी चाकांचा, केवळ याच कामासाठी बांधलेला लोडर बाजारात आणला, आणि १९४७ साली चारही चाकांना गती देणारा व द्रवदाबाने बकेट उचलणारा नवा नमुना तयार केला. चाकांच्या लोडरचा, म्हणजे ‘व्हील लोडर’चा, वंश येथून वाढू लागला. रेती, खडी, कोळसा यांच्या ढिगांपुढे ही यंत्रे उत्तम चालत. परंतु जागा आखडली की त्यांचे सामर्थ्यच त्यांना अडचण होऊन बसे.

याचे कारण वळणाच्या गणितात आहे. ज्या वाहनाची एका आसावरची चाकेच तेवढी तिरपी होतात, त्याला पुरते वळण्यास आपल्या लांबीच्या कितीतरी पट जागा लागते. कारण चाके एका मर्यादेपलीकडे तिरपी होऊ शकत नाहीत. १९५३ साली अमेरिकेतच सांगाड्याच्या मध्यभागी बिजागरी ठेवून यंत्र कमरेत वाकविण्याची रचना लोडरमध्ये आली. त्यायोगे वळणाचे वर्तुळ बरेच आवळले, आणि पुढे मोठ्या लोडरांनी हीच पद्धत स्वीकारली. तथापि बिजागरीचे यंत्र झाले तरी ते वर्तुळातच फिरते, जागच्या जागी नव्हे. ज्या ठिकाणी वर्तुळालाच जागा नाही, तेथे काय करावे, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

तो प्रश्न पुढे आला मिनेसोटा राज्यात, रोथसे नावाच्या लहानशा गावाजवळ. तेथे लुई केलर यांनी १९४७ साली वेल्डिंगचे आणि शेतीच्या अवजारांच्या दुरुस्तीचे दुकान काढले होते. पुढे त्यांचे बंधू सिरिल केलर येऊन मिळाले. मोडलेला नांगर सांधणे, बिघडलेले अवजार चालू करणे, शेतकऱ्याला हवी ती जोड त्याच्या सांगण्याबरहुकूम घडवून देणे, हा त्यांचा नित्याचा व्यवसाय. १९५६ च्या उन्हाळ्यात त्या परिसरातील एक टर्की-पालक त्यांच्याकडे आपली अडचण घेऊन आला.

टर्की हा कोंबडीहून पुष्कळ मोठा पक्षी. त्याचे थवे ज्या कोठारात वाढविले जातात, तेथे जमिनीवर भुशाचा थर असतो, आणि पक्ष्यांच्या विष्ठेने तो दिवसेंदिवस घट्ट होत जातो. एक थवा गेला की दुसरा येण्यापूर्वी तो खरवडून बाहेर काढावा लागतो. या शेतकऱ्याचे कोठार दुमजली होते आणि छप्पर तोलणारे खांब आत जागोजाग उभे होते. खालच्या मजल्यावर ट्रॅक्टर कसाबसा शिरलाच, तरी खांबांमध्ये त्याला वळता येत नसे. वरच्या लाकडी मजल्यावर तर त्याचे वजन चढविणेच शक्य नव्हते. परिणामी सारे काम मजुरांच्या पाठीवर येई. अमोनियाच्या उग्र दर्पात, वाकून, फाळांच्या दाताळ्याने कठीण झालेला थर उपसत राहावे लागे. असे काम करणारी माणसे मिळविणे हीच मोठी विवंचना होती.

या प्रसंगी दोन मार्ग मोकळे होते. कोठार पाडून यंत्राला सोयीचे बांधावे, हा एक. कोठाराला सोसेल असे यंत्र आणावे, हा दुसरा. पहिला मार्ग खर्चाचा, आणि दुसऱ्यासाठी हवे ते यंत्र बाजारात नव्हते. केलर बंधूंनी म्हणून मोजमापाचा क्रमच उलटा केला. किती मोठे यंत्र घेता येईल असा विचार न करता, खांबांमधून किती रुंदी जाईल, वरचा मजला किती वजन पेलेल, आणि वळण्याला किती जागा आहे, येथून त्यांनी आरंभ केला.

या मोजमापातून निघालेले यंत्र १९५७ च्या फेब्रुवारीत शेतकऱ्याच्या हाती पडले. त्याला तीनच चाके होती: पुढे गती देणारी दोन, आणि मागे ढकलगाडीच्या पायाखाली असते तसे, चहूकडे मोकळेपणाने फिरणारे एक. सुकाणूचे चाक त्यात नव्हतेच. डाव्या बाजूसाठी एक दांडा आणि उजव्या बाजूसाठी एक. ज्या बाजूचा दांडा पुढे लोटावा, त्या बाजूचे चाक पुढे जाई, आणि मागे ओढावा तर मागे येई. एक दांडा पुढे व दुसरा मागे केला की यंत्र जागच्या जागी गरकन फिरे. अरुंद बोळात बैलगाडी वळविताना गाडीवान आतला बैल रोखून धरतो आणि बाहेरच्याला हाकतो, तेव्हा गाडी आतल्या चाकाभोवती फिरते. त्याच न्यायाने हे यंत्र वळे. फरक इतकाच, की येथे आतला ‘बैल’ मागेही चालविता येत होता.

पहिली रचना निर्दोष नव्हती. एंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पट्ट्यांनी पोचविली जाई, आणि हे पट्टे घसरत. केवळ पुढे जाणाऱ्या वाहनाला हा दोष एक वेळ चालला असता. पण ज्या यंत्राचे वळणेच दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळी गती मिळण्यावर अवलंबून, त्याला तो घातक होता. शिवाय कोठारातील काम म्हणजे क्षणोक्षणी पुढे-मागे होणे. लुई केलर यांनी म्हणून प्रत्येक बाजूला पुढच्या गतीसाठी एक आणि मागच्या गतीसाठी एक असे क्लच योजले. गिअर न बदलता, केवळ दांडा हलवून दिशा पालटणे यामुळे साध्य झाले. या संप्रेषणाच्या पेटंटसाठी १९५८ साली अर्ज करण्यात आला आणि ते १९६६ साली मिळाले.

दुकानात बनलेले यंत्र दुकानातच राहिले असते, तर त्याचा इतिहास एवढ्यावरच संपला असता. केलर बंधूंनी आणखी काही यंत्रे बनवून विकली. परंतु मोठ्या उत्पादनाला लागणारे भांडवल त्यांच्यापाशी नव्हते. त्यांचे एक आप्त नॉर्थ डकोटा राज्यातील ग्विनर येथील मेलरो कारखान्याची अवजारे विकीत असत. त्यांनी या यंत्राची वार्ता तेथे पोचविली. मेलरो बंधूंनी १९५८ च्या मिनेसोटा राज्याच्या जत्रेत आपल्या जागेत ते यंत्र लोकांपुढे ठेवले. शेतकऱ्यांनी त्याच्याभोवती केलेली गर्दी पाहून त्यांनी त्याच वर्षी उत्पादनाचे हक्क घेतले. केलर बंधूंना नोकरी आणि विक्रीवर स्वामित्वधन देण्याचे ठरले, आणि दोघेही आपले बिऱ्हाड घेऊन ग्विनरला गेले.

कारखान्यात आल्यावर तीनचाकी रचनेची उणीव ठळक झाली. कठीण ढिगात बकेट घुसविताना दोनच चाके जोर देत, आणि मागचे मोकळे चाक काहीच मदत करीत नसे. १९६० साली ‘एम ४००’ हा नमुना निघाला. त्यात मागच्या मोकळ्या चाकाऐवजी दुसरा आस बसविला होता आणि चारही चाकांना गती होती. चारही चाके सरळच राहणार, एकही तिरपे होणार नाही, मग यंत्र वळणार कसे? त्याचे उत्तर घसरण्यात होते. एका बाजूची चाके पुढे व दुसऱ्या बाजूची मागे फिरली की यंत्र जमिनीवर चाके घासत वळते. म्हणूनच या जातीला ‘स्किड-स्टिअर’ म्हणतात. हे घसरणे सुलभ व्हावे म्हणून वजनाची विभागणी असमान ठेवली जाते. बकेट रिकामे असताना सुमारे ७० टक्के वजन मागच्या आसावर असते, तेव्हा हलकी झालेली पुढची चाके घसरतात. बकेट भरले की भार पुढे सरकतो आणि मागची चाके घसरतात. दोन्ही आसांवर सदैव सारखे वजन असते, तर यंत्र वळताना अडखळले असते. १९६२ साली सुधारलेल्या नमुन्याला ‘बॉबकॅट’ हे उत्तर अमेरिकेतील चपळ रानमांजराचे नाव देण्यात आले.

या सोयीचे मोलही द्यावे लागते. प्रत्येक वळणाला टायर झिजतात, आणि मऊ किंवा फरशीच्या जमिनीवर ओरखडे उमटतात. त्याहून गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. यंत्र आखूड ठेवण्यासाठी चालकाला बकेट उचलणाऱ्या दोन भुजांच्या मधोमध बसविले जाते. बसल्या जागेवरून बाहेर डोकावणाऱ्या, अथवा वर उचललेल्या बकेटखालून उतरणाऱ्या माणसांना या भुजांनी चिरडल्याचे प्रसंग घडले. १९९८ साली अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने या यंत्रांपासून होणाऱ्या मृत्यूंविषयी खास इशारा प्रसिद्ध केला. बकेट खाली टेकवून एंजिन बंद केल्याखेरीज उतरू नये, आसनाचा पट्टा व आडदांडा कधीही निकामी करू नये, हे नियम अशा अनुभवांतून आले आहेत. बंदिस्त जागेत पेट्रोल एंजिनाचा धूर हा दुसरा शत्रू होय. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. अलीकडे विजेच्या बॅटरीवर चालणारे लहान लोडर बाजारात आले आहेत, त्यांचे महत्त्व या संदर्भात विशेष आहे.

गोदाम, कोंबडखाना, गोठा किंवा कारखान्याचे आवार यांसाठी जुना लोडर काढून नवा घेणाऱ्याला या इतिहासातून विचाराची दिशा मिळते. जुने यंत्र जेवढे होते तेवढेच, किंवा त्याहून थोडे मोठे घ्यावे, असा कल सहज होतो. परंतु दाराची रुंदी, बकेट पूर्ण उचलल्यावर तुळईखाली उरणारे अंतर, ज्या गाडीत माल टाकायचा तिच्या काठाची उंची, भरल्या यंत्राचे वजन पेलणारी जमीन, आणि हवा खेळण्याची सोय, एवढ्या गोष्टी फूटपट्टी घेऊन आधी पाहाव्या लागतात. वळणाला अगदीच जागा नसेल तर घसरून वळणारे यंत्र उपयोगी. फरशी जपायची असेल, धावपल्ला लांबचा असेल आणि थोडी मोकळीक असेल, तर कमरेत वाकणारा छोटा लोडर बरा. एकच यंत्र सर्व ठिकाणी श्रेष्ठ ठरत नाही.

मेलरो कारखाना १९६९ साली क्लार्क कंपनीकडे गेला, आणि त्यानंतरही मालकी बदलत राहिली. बॉबकॅट हे नाव मात्र टिकले. लुई केलर २०१० साली आणि सिरिल केलर २०२० साली निवर्तले. २०२३ साली या दोघा भावांना अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक-मंडपात मरणोत्तर स्थान देण्यात आले. दाताळे घेऊन वाकणाऱ्या मजुरांची पाठ सरळ व्हावी म्हणून एका खेड्यातील दुकानात जे यंत्र तयार झाले, त्याचे वंशज आज गोठ्यांत, जहाजांच्या तळघरांत आणि शहरांच्या अरुंद बांधकामांवर फिरत आहेत.