खिडकीबाहेरचे झाड आणि नोंदवहीतील पुरावा

१९८४ सालच्या एप्रिल महिन्यात ‘सायन्स’ या अमेरिकी नियतकालिकात अवघ्या दोन पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला. लेखक एकच : डेलावेअर विद्यापीठात भूगोल शिकविणारे रॉजर उलरिच. तपासलेल्या रुग्णांची संख्या ४६. रुग्णालयाच्या वास्तुरचनेविषयी लिहिणारे आजही या दोन पानांचा हवाला देतात. निसर्गसान्निध्याने प्रकृती खरोखर सुधारते का, हा प्रश्न तरुण संशोधकांनी तुटपुंज्या साधनांनिशी कसा सोडवू पाहिला, त्याचा हा धागा. 🧵

श्रद्धा अर्थातच फार जुनी आहे. आपल्याकडे ‘हवापालट’ हा शब्द घरोघरी रुळलेला. १८२८-२९च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरी आजारी गोऱ्यांसाठी आरोग्यस्थान उभारले. तेथील वस्तीला ‘माल्कमपेठ’ हे नाव पडले ते त्यांच्यावरूनच. डोंगरावर गेलेला माणूस ताजातवाना होऊन परते, यात शंका नव्हती. शंका निराळीच होती. तो बरा झाला तो हवेने, विश्रांतीने, सकस अन्नाने, की हे सारे परवडण्याइतकी ऐपत असल्याने?

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. विसाव्या शतकातही त्याने संशोधकांचा पिच्छा सोडला नाही, कारण शहरात झाडे जेथे दाट, तेथे बहुधा घरभाडेही चढे. अशा वस्तीतील लोक निरोगी आढळले, तर श्रेय झाडाला द्यावे की पैशाला? नीट निर्णय करायचा, तर काही लोकांना झाडांजवळ आणि काहींना झाडांपासून दूर, चिठ्ठ्या टाकून ठेवायला हवे. ते कोण करू देणार? म्हणून या विषयाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी अशी वाटणी योगायोगानेच कोठे झालेली आहे का, याचा शोध होय.

उलरिच यांचा आरंभ रुग्णालयापासून दूर झाला. मिशिगन विद्यापीठातील त्यांचा पीएच.डी.चा विषय असा : ॲन आर्बर येथील लोक बाजारहाटाला निघाले की वेगवान महामार्ग सोडून झाडीतून जाणारा, अधिक वेळ घेणारा रस्ता का धरतात? पुढे मुलाखतींतून त्यांनी एक आठवणही सांगितली. किशोरवयात मूत्रपिंडाच्या विकारामुळे ते दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले असत आणि खिडकीतून दिसणारे पाइनचे झाड हीच त्यांची सोबत होती. (अशा उत्तरायुष्यात सांगितलेल्या आठवणी इतिहासाच्या विद्यार्थ्याने जपून वापराव्यात. प्रश्न कोठून उगवला एवढेच त्यांतून कळते. उत्तर खरे की खोटे, हे नव्हे.)

उत्तरासाठी त्यांनी पेन्सिल्व्हेनियातील एका उपनगरी रुग्णालयाचे जुने कागद उघडले. तेथील एका विभागातील काही खोल्यांतून पानझडी वृक्षांचा समूह दिसे, तर काहींतून तपकिरी विटांची कोरी भिंत. खोल्या एरवी जवळजवळ सारख्याच. रुग्णाला खोली मिळे ती रिकामी असेल तशी. त्याची पसंती वा ऐपत तेथे आड येत नसे. चिठ्ठ्या जणू आधीच टाकल्या गेल्या होत्या. उलरिच यांना त्या फक्त वाचायच्या होत्या.

१९७२ ते १९८१ या काळात पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण त्यांनी निवडले आणि तेही १ मे ते २० ऑक्टोबर या काळातले, म्हणजे झाडांवर पाने असतानाचे. मग वय, लिंग, धूम्रपान, स्थूलता, मजला इत्यादी बाबतींत एकमेकांशी जुळणाऱ्या २३ जोड्या लावल्या : एक झाडापुढचा, एक भिंतीपुढचा. नोंदी उतरवून काढणाऱ्या अनुभवी परिचारिकेला कोणत्या रुग्णाच्या खिडकीतून काय दिसत होते, याची कल्पना नव्हती.

निष्कर्ष असा. शस्त्रक्रियेनंतर भिंतीपुढच्या रुग्णांचा मुक्काम सरासरी ८.७० दिवस, झाडापुढच्यांचा ७.९६. तीव्र वेदनाशामके झाडापुढच्यांना कमी लागली. मला सर्वांत बोलका वाटतो तो परिचारिकांच्या शेऱ्यांचा आकडा. ‘अस्वस्थ आहे, रडत आहे, धीर देण्याची गरज आहे’ अशा आशयाचे प्रतिकूल शेरे भिंतीपुढच्या रुग्णामागे सरासरी ३.९६, तर झाडापुढच्या रुग्णामागे १.१३.

आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ही रीत परकी वाटू नये. जमाखर्चाच्या वहीवरून आपण दुष्काळ वाचतो, देवळाच्या दानपत्रावरून गावातील जातींची उतरंड. लिहिणाऱ्याच्या मनातही नसलेला प्रश्न कागदाला विचारणे, हेच आपले काम. रात्रपाळीची परिचारिका शेरा लिहीत होती तेव्हा तिला खिडकीविषयी काही सांगायचे नव्हते; म्हणूनच तिची साक्ष मोलाची.

मात्र या लेखाची जी कीर्ती झाली, ती उलरिच यांच्या सावध शब्दांना सोडून पुढे गेली. त्यांनी स्वतःच लिहिले होते की तुलनेतली भिंत अगदीच कंटाळवाणी होती. दीर्घकाळ खितपत पडलेल्या रुग्णाला गजबजलेला रस्ताही कदाचित अधिक उपकारक ठरेल. पुढच्या हवाल्यांतून हे वाक्य बहुधा गळते आणि ‘झाड पाहिल्याने रुग्ण लवकर बरा होतो’ एवढेच उरते.

दुसरी अशी वाटणी सापडली ती शिकागोत, आणि ती सुखद मुळीच नव्हती. रॉबर्ट टेलर होम्स ही सरकारी वसाहत : एकसारख्या १६ मजली २८ इमारती, एका बाजूस रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूस महामार्ग, राहणारे जवळजवळ सर्वच गरीब कृष्णवर्णीय. १९६०च्या दशकात इमारतींभोवती झाडे आणि हिरवळ लावली गेली होती. नंतर देखभालीचा खर्च वाचावा आणि धूळ उडू नये म्हणून कित्येक ठिकाणी ती काढून फरसबंदी करण्यात आली. परिणामी काही इमारतींपुढे झाडे उरली, काहींपुढे नुसते काँक्रीट. कोणत्या इमारतीत घर मिळावे, यात रहिवाशांना जवळजवळ काहीच वाव नव्हता.

इलिनॉय विद्यापीठातील फ्रान्सिस कुओ आणि विल्यम सलिव्हन यांनी येथील १४५ स्त्रियांशी बोलून २००१ साली निष्कर्ष मांडला : झाडे असलेल्या इमारतींतील स्त्रियांनी घरातील भांडणे आणि मारहाण कमी सांगितली, आणि एकाग्रतेच्या चाचण्यांतही त्या सरस ठरल्या. ऐपत येथे सर्वांची सारखीच, म्हणजे नसल्यासारखीच, होती. ‘झाड की पैसा’ या प्रश्नाला इतके थेट उत्तर क्वचितच मिळाले असेल. मात्र ते मिळाले ते गरिबांना घर निवडण्याचा हक्क नव्हता म्हणून, हे विसरता येत नाही.

ज्यांना असा योगायोग लाभला नाही, त्यांनी एकाच माणसाला दोन्हीकडे चालविले. मार्क बर्मन हे मिशिगनमधील पीएच.डी.चे विद्यार्थी. त्यांनी ३८ विद्यार्थ्यांना सुमारे ४.५ किलोमीटर चालायला पाठविले; एकदा वृक्षोद्यानातून, एकदा शहराच्या रहदारीतून, मध्ये आठवड्याचे अंतर. ऐकलेले आकडे उलट क्रमाने म्हणून दाखविण्याची क्षमता वृक्षोद्यानातून आल्यावर सुमारे २० टक्क्यांनी सुधारली. काहींची पाळी मिशिगनच्या जानेवारीत आली. गारठून परतलेल्यांनाही लाभ झालाच. म्हणजे फिरणे आनंददायी वाटलेच पाहिजे, असे नाही. हा लेख २००८ चा. त्याचे एक सहलेखक स्टीफन कॅप्लन, निसर्गात थकलेले लक्ष पुन्हा ताजे होते हा सिद्धान्त मांडणारे.

२०१५ साली स्टॅनफर्डचे विद्यार्थी ग्रेगरी ब्रॅटमन यांनी दीड तासाच्या फेरफटक्यानंतर मेंदूची छायाचित्रे घेतली. ओकवृक्षांच्या माळरानात चाललेल्यांत त्याच त्या दुःखद विचारांचे चर्वितचर्वण घटले. रहदारीच्या रस्त्याने गेलेल्यांत नाही. सहभागी, योगायोगाने, येथेही ३८ च.

या छोट्या आकड्यांकडे काणाडोळा करू नये. विद्यार्थ्याचा वेळ आणि निधी जेवढा पुरेल तेवढेच लोक चालतात. अशा प्रयोगांचा २०१६ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा काही चाचण्यांत परिणाम दिसला, काहींत नाही.

मोठा आकडा आला तो २०१९ साली. इंग्लंडमधील जवळजवळ २०,००० लोकांच्या पाहणीतून मॅथ्यू व्हाइट आणि सहकाऱ्यांनी दाखविले की आठवड्याला १२० मिनिटे निसर्गात घालविणारे लोक स्वतःची प्रकृती अधिक चांगली असल्याचे सांगतात. वृत्तपत्रांनी ‘दोन तास’ उचलून धरले. परंतु येथे चिठ्ठ्या कोणी टाकल्या नव्हत्या : ज्याची प्रकृती धड, तोच अधिक बाहेर पडत असेल, ही शक्यता लेखकांनीही नोंदविली आहे. माल्कमपेठेचा प्रश्न इंग्लंडात पुन्हा हजर झाला.

आणि शिकागोतील त्या २८ इमारतींपैकी शेवटची २००७ साली पाडण्यात आली.