चार ट्रॅक आणि एक पिवळी स्कूटर

म्हापशाला बसमधून उतरलात की मोबाइल बंद करून पिशवीत टाका. साल १९८४ आहे, इथे त्याचा काही उपयोग नाही. गोवा अजून केंद्रशासित प्रदेश आहे, राज्य व्हायला तीन वर्षं आहेत. कोकण रेल्वेला तर चौदा. म्हणून तर मुंबईहून रात्रभर वळणं खात आलात आणि अंग आंबून गेलंय. आता शिवोलीची बस धरा.

शिवोलीत ज्याच्या घरी तुम्ही निघालात तो रेमो फर्नांडिस. वय एकतीस, जन्म पणजीचा. मुंबईच्या जे. जे.मध्ये आर्किटेक्चर शिकला. तिथेच 'सॅव्हेजेस' या बँडमध्ये वाजवलं, मग पाठीवर बिऱ्हाड घेऊन युरोप आणि उत्तर आफ्रिका पालथी घातली. परत आला तो मुंबईला नाही, गावाला. आता गाणी घरातच रेकॉर्ड करतो.

आत काचेची भिंत, गादीसारखे दरवाजे, टाय लावलेला रेकॉर्डिस्ट असं काही मनात धरून आला असाल तर विसरा. एका टेबलावर पोर्टास्टुडिओ नावाचं यंत्र आहे. त्यात तुमच्या घरच्या टेपरेकॉर्डरला लागते तीच साधी कॅसेट जाते. फरक एवढाच की घरच्या कॅसेटवर दोन ट्रॅक एका बाजूचे आणि दोन दुसऱ्या बाजूचे असतात, इथे चारही एकाच दिशेने धावतात. कॅसेट उलटायची सोय नाही.

बसा शेजारी, आवाज न करता. आधी गिटार. ती हेडफोनवर ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर बेस, तिसऱ्यावर ताल. आता ट्रॅक उरला एक, आणि बासरी, मुख्य आवाज, मागचा कोरस हे सगळं बाकी. मग काय करायचं? तिन्ही एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि पहिले तीन पुसून पुन्हा वापरायचे. पुसलं ते गेलं. बेस जरा चढा लागलाय हे उद्या सकाळी कळलं तरी आता इलाज नाही. शिवाय दर उतरवणीला टेपची ती बारीक सूं-सूं वाढत जाते. बाहेर कुत्रं भुंकलं, कौलांवर पाऊस कोसळला, वीज गेली, की तो टेक बाद. पुन्हा पहिल्यापासून.

वाजवणारा तोच, गाणारा तोच, बटणं दाबणाराही तोच. कॅसेटचं वेष्टनही त्यानेच काढलंय, जे. जे.ची फी अगदीच वाया गेली नाही म्हणायची. 'गोअन क्रेझी' ही कॅसेट अशी तयार होते.

हे याच वर्षांत का शक्य झालं, तेही बघा. रेकॉर्ड काढायची तर तबकडी दाबणारा कारखाना लागतो, म्हणजे कंपनी लागते, आणि कंपनीला सिनेमाची गाणी हवी असतात. कॅसेटचं तसं नाही. शंभर काढा, खपल्या की आणखी शंभर. भारतात कॅसेटने सिनेमाच्या गाण्यांचा धंदा वाढवला हे सगळेच सांगतात. एका माणसाला घरबसल्या प्रकाशक केलं, हे कुणी फारसं सांगत नाही.

सकाळी पिवळ्या स्कूटरवर मागे बसा, कॅसेटची पिशवी मांडीवर घ्या. म्हापसा, मग मांडवीवरचा नेहरू पूल (दोन वर्षांनी तो कोसळणार आहे, पण तुम्ही गप्प राहा), मग पणजी. दुकानादुकानांत थांबायचं, माल ठेवायचा, मागचा हिशेब विचारायचा. रॉकस्टार म्हणजे काय याची तुमची कल्पना या फेरीत बरीच उतरेल. मला मात्र त्याची सगळी कारकीर्द या फेरीतच दिसते. स्वतःची गाणी स्वतः विकलेल्या माणसाला आपला श्रोता कोण हे कुणाकडून ऐकावं लागत नाही.

आणि गाणी कशावरची? न लागणाऱ्या टेलिफोनवर ग्रॅहॅम बेलला उद्देशून, गोव्याच्या माणसांवर, पुढे गर्दच्या व्यसनावर, राजकारण्यांवर. कोकणी की मराठी यावरून गोवा पेटण्याच्या बेतात आहे आणि हा गडी गातोय इंग्रजीत! तरी तो उपरा वाटत नाही, कारण विषय गल्लीतले आहेत. नंतर पंतप्रधान राजीव गांधींसमोर त्याने गोव्याची गाऱ्हाणी गाऊन दाखवली तेव्हा वर्तमानपत्रांनीच त्याला झोडपलं. राजीव गांधींनी मात्र गाणं आवडल्याचं पत्राने कळवलं.

आता थोडं पुढे, लोटलीला चला. मारिओ मिरांडांच्या वाड्यात श्याम बेनेगल 'त्रिकाल'चं चित्रीकरण करताहेत. संगीत वनराज भाटियांचं, गाण्यात रेमो, आणि पडद्यावरही रेमो. चित्रपट १९८५ चा, गोष्ट मुक्तीच्या वेळच्या गोव्याची. दोन वर्षांनी 'जलवा'चं शीर्षकगीत येतं आणि शिवोली ठाऊक नसलेल्यांनाही हा आवाज ठाऊक होतो.

मग १९९५. तुम्ही इराण्याकडे बसलात, चहा अजून आलेला नाही आणि रेडिओवर 'हम्मा हम्मा' लागतं. मणिरत्नमचा 'बॉम्बे', चाल ए. आर. रहमानची. तमिळमध्ये हे गाणं खुद्द रहमानने गायलंय, हिंदीत मुख्य आवाज रेमोचा. ऐका, त्या घशातली ती खरखर. ती वाद्यवृंदात विरघळत नाही, वेगळी उभी राहते. रहमानला नेमकं तेच हवं असणार, असं आपलं माझं मत.

'बेनेगल, भाटिया, रहमान' ही नावं वाचून कुणाला वाटेल की शिवोलीच्या माणसाला मोठ्यांनी वर ओढलं. मला उलट दिसतं. तो त्यांच्याकडे पाहुणा म्हणून गेला, आपला आवाज घेऊन गेला आणि घरी परत आला. सिनेमाच्या गाण्यांच्या रांगेत कायमचा उभा राहिला असता तर पैसा नक्कीच जास्त मिळाला असता; पण मग १९९२ मध्ये राजकारण्यांना रॉक अँड रोल येत नाही अशा नावाचा अल्बम काढायला कुणाची परवानगी मागितली असती? २००७ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली, तेव्हाही त्याची ओळख गोव्याचा रेमो अशीच होती.

परतीची बस लागली आहे. 'हम्मा' तुम्हाला पाठच असेल, त्यामुळे त्याबद्दल आग्रह नाही. घरी गेल्यावर 'गोअन क्रेझी' शोधा, हेडफोन लावून ऐका, आणि मागे ती बारीक सूं-सूं ऐकू आली तर तुमचा हेडफोन बिघडलाय असं समजू नका.