सुरतेचा प्लेग, एक कमिशनर आणि आपण खान्देशी

सप्टेंबर १९९४. मी सहावीत होतो. गणपती विसर्जन नुकतंच झालेलं, आणि सुरतेहून येणाऱ्या प्रत्येक पॅसेंजरमधून माणसं अक्षरशः सांडत होती. खान्देशात सुरतेला नातेवाईक नाही असं घर विरळाच. उधना, लिंबायत, पांडेसरा ही नावं आम्हाला तालुक्याच्या गावांसारखी पाठ. माझा मामा तिथे लूमवर कामाला होता. तो आला तेव्हा आजीने त्याला ओट्यावरच बसवलं, पाणीसुद्धा वरून ओतलं. सख्ख्या आईने! मामाच्या खिशात टेट्रासायक्लिनची अर्धी पट्टी होती. कितीला घेतली, ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्या साथीत देशभरात मृत्यू झाले साधारण पन्नासच्या वर. पण सुरत सोडून पळाले लाखो. मला हा हिशोब महत्त्वाचा वाटतो. "घाबरू नका" असं सरकार सांगत होतं, आणि लोकांना दिसत होते दवाखाने बंद करून निघून गेलेले खाजगी डॉक्टर, पुराच्या पाण्यात कुजलेली जनावरं, न उचललेले कचऱ्याचे ढीग. लोकांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला. त्यांचं काय चुकलं?

पुढच्या वर्षी, मे १९९५ मध्ये, एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा झोन केले आणि प्रत्येक झोनच्या अधिकाऱ्याला खर्चाचे, निर्णयाचे अधिकार दिले. बारीकसारीक कामाची फाइल मुख्यालयात फिरायची गरज उरली नाही. सकाळी अधिकारी ऑफिसात नाही, रस्त्यावर. ते स्वतःही. 'एसीतून डीसीत', म्हणजे थंडगार खोलीतून रोजच्या कामात, असं त्याला नाव पडलं. मुख्य रस्ते रात्री झाडायला सुरुवात झाली. सरकारी इस्पितळांतून आणि खाजगी दवाखान्यांतूनही तापाच्या, मलेरियाच्या रुग्णांची माहिती रोज गोळा व्हायला लागली.

पण खरी गोष्ट वेगळीच. अतिक्रमणावर हातोडा पडला तो आधी वजनदार लोकांच्या बांधकामांवर. मामा सांगायचा, लूमवर दिवसभर तीच चर्चा. मोठ्याचं पाडलं म्हटल्यावर आपल्या गल्लीतला माणूस कचरा बाहेर टाकताना दोनदा विचार करतो. (झोपड्याही पाडल्या गेल्या, गरिबाला त्याचा त्रास झाला, हेही लिहायला हवं. राव काही देवमाणूस नव्हते.) दीडेक वर्षात इन्टॅक या संस्थेने सुरतेला चंडीगढनंतर देशातलं सर्वात स्वच्छ शहर ठरवलं.

याच्या उलटं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १८९७ चा पुण्याचा प्लेग. रँडने गोरे सोजीर घराघरांत घुसवले. रोग तपासायचा हेतू खरा असेलही, पण माणसं रोगी लपवायला लागली, कारण त्यांना रोगापेक्षा सोजिरांची जास्त धास्ती. २२ जून १८९७ ला काय घडलं ते आपण शाळेत शिकलोच आहोत.

सुरतेची परीक्षा पुन्हा झाली ती ऑगस्ट २००६ मध्ये. उकाईतून प्रचंड पाणी सोडावं लागलं आणि बहुतेक शहर बुडालं. प्लेगच्या आधीही पूरच होता, हे लक्षात घ्या. या वेळी गाळ-कचरा झपाट्याने उचलला गेला आणि मोठी साथ आली नाही. राव केव्हाच बदलून गेले होते, झोन आणि सकाळची फेरी मात्र टिकली होती. आणि ते पाणी होतं आपल्याच तापीचं. हतनूरचे दरवाजे उघडले की पुढे ते उकाईलाच जातं.

मामा आता नाही. मामेभाऊ लिंबायतलाच राहतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा सकाळी सात वाजता दारावर माणूस आला, पाण्याच्या टाकीत डासांच्या अळ्या बघायला. मामेभावाने चहा पिता पिता टाकीचं झाकण काढून दाखवलं, कुरकुर नाही. आमच्या गावात नळाचं गढूळ पाणी आल्याची तक्रार मी दिली त्याला सात आठवडे झाले. पोच मिळाली आहे, माणूस आलेला नाही. तुमच्या वॉर्डात शेवटचा कोण आणि कधी आला होता, कमेंटमध्ये लिहा. तारखेसकट.